तीन घड्या, आठ पदर

मित्रांनो, मी मांजरपाटाचा एक जुना तुकडा आहे. लांबी दोन मीटर, रुंदी त्याहून थोडी कमी. माझा रंग पूर्वी सायीसारखा होता, आता खडूसारखा आहे. अंगभर आडव्या-उभ्या रेघा दिसतात. त्या विणलेल्या नाहीत, घड्यांच्या आहेत. एकाच जागी पुन्हा पुन्हा दुमडलं की कापड ती जागा लक्षात ठेवतं. त्या रेघा माझ्या अंगावर कशा आल्या, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म भिवंडीचा. इथल्या बऱ्याच गल्ल्यांत भिंतीआडून लूमची, म्हणजे यंत्रमागाची, खटखट ऐकू येते. ती थांबली की लोक दचकून वर बघतात आणि म्हणतात, "लाइट गेली." अशाच एका कारखान्यात, गुलाम हुसेन यांच्या लूमवर, मी विणला गेलो. तेव्हा मी तुकडा नव्हतो. शंभर मीटरच्या ताक्याचा भाग होतो. ताका म्हणजे लूमवरून उतरलेलं सलग कापड. विणता विणता एक उभा धागा तुटला आणि ते लवकर कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या अंगावर एक विरळ रेघ उमटली. तपासणीच्या टेबलावर ती दिसली, कात्री चालली आणि मी ताक्यातून वेगळा झालो.

असे तुकडे पोत्यात जातात आणि पुढे यंत्रांचं तेल पुसतात. मीही पोत्याच्या तोंडाशीच होतो, तेवढ्यात मृणाली तिथे आली. ती शेजारच्या गल्लीतली. तिचे वडील आणि गुलाम हुसेन लहानपणापासूनचे दोस्त. तिने नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती आणि घराच्या वरच्या खोलीत गणिताचा वर्ग सुरू केला होता.

"चाचा, फळा पुसायला एखादा तुकडा द्या ना," ती म्हणाली.

गुलाम हुसेन यांनी मला उचललं, उजेडात धरलं आणि तिच्या हातात दिलं. "हा घे बाय. रेघ हाय याच्यात, पण तुझ्या फळ्याला काय कळतंय."

मग मी फळा पुसू लागलो. माझं शिक्षण तिथेच झालं. मी जे पुसत असे, ते आधी वाचत असे. त्या खोलीत मी अपूर्णांक पुसले, समीकरणं पुसली, पण सगळ्यांत जास्त पुसले ते घातांक. दोनचा तिसरा घात म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. हे मृणाली लिहायची. खाली मुलं लिहायची सहा. दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा दुसरा घात म्हणजे दोनचा पाचवा घात, कारण पाया सारखा असला की घातांकांची बेरीज होते. मुलं बेरजेऐवजी गुणाकार करायची आणि सहावा घात लिहायची. ते पुसायचं काम माझं.

मार्च महिन्यात एकदा वर्ग संपल्यावर मृणालीने मला झटकलं आणि घडी घालू लागली. मधोमध दुमडलं, दोन पदर झाले. पुन्हा मधोमध दुमडलं, चार झाले. तिसऱ्यांदा दुमडलं आणि तिचा हात थांबला. तिने माझ्या कडेला अंगठा लावून पदर मोजले. आठ. मग ती खिडकीपाशी बसून मला कितीतरी वेळ उलगडत आणि दुमडत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी फळ्यावरून टेबलावर आलो. "जितक्या घड्या, तितका घातांक. जितके पदर, तितकं उत्तर," ती मुलांना सांगायची. मुलं मला ओढत, दुमडत, मोजत आणि हसत. मित्रांनो, पोत्यात जायला निघालेल्या तुकड्याला याहून जास्त काय हवं असतं?

एप्रिलमध्ये वर्गात सना आली. ती गुलाम हुसेन यांची मोठी मुलगी. आधल्या वर्षी तिच्या अम्मीच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. घर सांभाळायचं आणि दुपारी अब्बांना हात द्यायचा, यात सनाचं आठवीचं सगळं वर्ष गेलं. आता तिला पुन्हा शाळेत जायचं होतं. शाळेने सांगितलं होतं की आठवीच्या गणिताची चाचणी दे. पास झालीस तर जूनमध्ये नववीत बस, नाहीतर आठवीत.

आणि जूनमध्ये आठवीत तिची धाकटी बहीण हबीबा येणार होती.

हबीबा ही गोष्ट विसरू देत नसे. ती सनाला वर्गापर्यंत सोडायला यायची आणि दारातूनच म्हणायची, "आपा, मी खिडकीजवळची जागा घेणार हां. तू बाहेरच्या बाजूला बस."

"हबीबा, घरी जा," सना म्हणायची.

"आणि डबा एकच आणू. अम्मीचं काम वाचेल."

मुलं हसायची. सना हसत नसे. एके दिवशी हबीबा गेल्यावर तिने मृणालीला हळू आवाजात सांगून टाकलं, "टीचर, तिच्या बाजूला बसायचं असेल तर मी शाळेत जाणारच नाही. अब्बांकडे फोल्डिंगलाच बसेन. तिथे मला कुणी काही विचारत नाही."

ते ती रागात बोलली नाही. ठरवलेल्या गोष्टी माणसं जशा सांगतात, तशा आवाजात बोलली. म्हणून मला ते खरं वाटलं.

त्याच दिवशी मृणालीने मला तिच्यासमोर ठेवलं. "सना, याच्या तीन घड्या घाल आणि पदर मोज."

सनाने मला उचललं. असे हात मी त्या खोलीत पाहिले नव्हते. बाकीची मुलं मला चाचपडत धरायची. तिने माझी कड पकडली, हातभर कापड मोजलं, उलट दुमडलं, पुन्हा हातभर घेऊन परत उलट दुमडलं, आणि आणखी एकदा. सगळ्या कडा एका रेषेत बसल्या. "तीन घड्या," ती म्हणाली. "चार पदर."

"आठ यायला हवेत," मृणाली म्हणाली. "पुन्हा घाल."

सनाने पुन्हा तेच केलं, अगदी तसंच. "चारच आहेत, टीचर. मोजून बघा."

प्रितेश नावाचा मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "टीचर, तिने दुकान लावलंय. दोन मीटर मला पण कापून द्या."

खोलीभर हशा झाला. मृणालीने प्रितेशला गप्प केलं, पण तिलाही काय झालं ते उमगलं नाही. "घडी राहू दे," ती सनाला म्हणाली. "तू सरळ नियम पाठ कर."

सनाने नियम पाठ केले. गुणाकारात बेरीज, भागाकारात वजाबाकी, घाताच्या घातात गुणाकार, शून्य घात म्हणजे एक. म्हणून दाखवताना ती एकदाही अडखळत नसे. लिहिताना मात्र सगळे नियम एकमेकांत मिसळायचे. दोनचा तिसरा घात तिच्या हातून सहा व्हायचा. दोनचा शून्य घात शून्य व्हायचा. सरावाची एक चाचणी झाली, दुसरी झाली, आणि दोन्हींत तिचे अर्धे प्रश्नही बरोबर आले नाहीत.

मृणालीला वाटलं, मुलीचा गोंधळ माझ्यामुळेच वाढला. तिने बाजारातून लाकडी पाठीचं डस्टर आणलं. मला कपाटाखाली सारलं. तिथे एक तुटकी पट्टी होती, एका पायातली चप्पल होती आणि पाल होती. वरून मुलांचे आवाज यायचे. मी घडीविना, चुरगळून पडलो होतो.

चाचणीला दोनेक आठवडेच उरले असताना मृणालीने मला बाहेर काढलं आणि पिशवीत घातलं. ती गुलाम हुसेन यांच्याकडे निघाली होती. मला परत द्यायचं आणि सनाची तयारी होत नाही हे सांगायचं, अशी दोन कामं तिला एका फेरीत उरकायची होती.

कारखान्याच्या मागच्या खोलीत फोल्डिंगचं काम चालतं. तिथे लूमची खटखट भिंतीपलीकडून येते, त्यामुळे बोललेलं ऐकू येतं. गुलाम हुसेन हिशेब तपासत बसले होते. "ये बाय, बस. खुर्ची पुसून घे, सगळीकडे कापसाची रुई हाय. पुसायला देऊ एखादा तुकडा?" ते स्वतःच हसले.

"तुकडा परत द्यायलाच आलेय, चाचा," मृणाली म्हणाली. "आणि सनाबद्दल बोलायचं होतं."

"बोल. मी तिला शाळा सोड म्हणून नाय सांगितलं हां. अम्मी पण बरी हाय आता. तीच बोलते, लहानीच्या वर्गात नाय बसणार. जबरदस्ती कशी करायची?"

मृणाली उत्तर द्यायला वळली आणि तशीच थांबली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला सना ताक्याची घडी घालत होती. तिथल्या टेबलाच्या दोन्ही कडांना सुया लावलेल्या होत्या, दोन्हींमध्ये बरोबर एक मीटर अंतर. सना कापड एका कडेच्या सुयांत अडकवायची, ओढून दुसऱ्या कडेला न्यायची, तिथे अडकवायची आणि परत फिरवायची. एका फेरीला एक पदर. एक पदर म्हणजे एक मीटर. अशा रीतीने घडी घालतानाच ताका मोजूनही होतो.

मृणाली तिच्याजवळ गेली. "सना, नवा ताका घे आणि तीनदा दुमडून दाखव."

सनाने तसं केलं.

"पदर किती?"

"चार."

"आणखी एकदा."

"पाच." सनाने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "इथे पण परीक्षा आहे का?"

मृणाली कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. तिने पिशवीतून मला काढलं आणि मांडीवर ठेवून मधोमध दुमडलं. "हे बघ. एक घडी, दोन पदर. तुझ्या पहिल्या घडीलाही दोनच, म्हणून मला फरक कळला नाही. आता माझी दुसरी घडी. मी फक्त शेवटचा पदर उलटा फिरवत नाही. आधीचे सगळे पदर एकदम दुमडते. चार. तुझ्या दुसऱ्या घडीला?"

"तीन."

"तिसरी?"

"माझे चार. तुमचे..." सनाने माझी कड मोजली. "आठ."

"तुझी घडी बरोबरच होती. ती बेरजेची आहे. दर घडीला एक पदर वाढतो. माझी गुणाकाराची आहे. दर घडीला सगळं दुप्पट होतं. मी नुसतं 'घडी घाल' म्हणाले. कुठली ते सांगितलंच नाही."

"आणि चूक म्हणालात," सना म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"हो. तेही सगळ्यांसमोरच दुरुस्त करीन."

सनाने माझ्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग ती कोपऱ्यात ठेवलेल्या एका ताक्याकडे गेली. त्याची मीटरभर रुंद घडी पूर्ण झाली होती, फक्त बांधायचा राहिला होता. "टीचर, पण तुमची घडी आम्ही पण घालतो. शेवटी, बांधताना." तिने तो जाड थर मधोमध दुमडला. मग पुन्हा एकदा दुमडला. "हे शंभर पदर होते. आता दोनशे. आता..." तिचे ओठ हलले. "चारशे. अब्बा, याच्यात चारशे पदर आहेत."

"ताका एकच हाय," गुलाम हुसेन हिशेबातून मान न काढता म्हणाले.

"हो. ताका एकच आहे," सना म्हणाली, आणि त्या महिन्यात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मी पोत्यात गेलो नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी पिशवीतून पुन्हा वरच्या खोलीत आलो. दुसऱ्या दिवशी मृणालीने सनाला फळ्यापाशी बोलावलं आणि दोन्ही घड्या वर्गाला दाखवायला सांगितल्या. प्रितेशने बेरजेची घडी घालून पाहिली. त्याच्या कडा काही केल्या जुळेनात. "अरे, दुकान बंद कर तुझं," सना त्याला म्हणाली. तेव्हा प्रितेशसुद्धा हसला.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. माझ्या अंगावरच्या बहुतेक रेघा तेव्हाच्या आहेत. सना एकेक नियम माझ्यावर घालून बघायची. आधी दोन घड्या, मग त्यावर आणखी तीन, एकूण पाच घड्या आणि बत्तीस पदर. पदरांचा गुणाकार होतो, घड्यांची मात्र बेरीज होते. "मग नियम पाठ कशाला करायचा?" ती स्वतःशी म्हणाली. "घड्याच तर मोजायच्या." पाच घड्यांतल्या दोन उलगडल्या की तीन उरतात, तो भागाकार. दोन घड्या हे एक काम धरलं आणि ते काम तीनदा केलं, तर सहा घड्या होतात, तो घाताचा घात. सहाव्या घडीला मी इतका जाड व्हायचो की तिला माझ्यावर गुडघा ठेवावा लागायचा.

उणे घातांक तिला एका दुपारी कळला. तीन घड्या घातल्यावर माझे पदर आठ होतात, पण वरून माझा दिसणारा भाग आठवा हिस्साच असतो. दोनचा उणे तिसरा घात म्हणजे तो आठवा हिस्सा. आठ पदर गुणिले आठवा हिस्सा म्हणजे पुन्हा मी अख्खाच्या अख्खा.

माझ्या मर्यादाही तिनेच शोधल्या. दोनचा तिसरा घात अधिक दोनचा दुसरा घात किती, असा प्रश्न होता. तिने माझ्या तीन घड्या घातल्या, आपल्या ओढणीच्या दोन घातल्या आणि ओढणी माझ्यावर ठेवली. आठ आणि चार, बारा पदर. मग मला एकट्याला दुमडून बारा पदर करायला गेली. आठ झाले, नंतर एकदम सोळा. बारा येईनात. "बेरजेला घड्यांचा नियम चालत नाही," ती मृणालीला म्हणाली. "तिथे नुसते ढीग एकावर एक ठेवायचे आणि मोजायचे." मृणालीने ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि मला ते आठवडाभर पुसू दिलं नाही.

एकच गोष्ट तिला पटत नव्हती. दोनचा शून्य घात एक कसा? एकही घडी नाही, मग काहीच नको का उरायला? ती मला उलगडून टेबलावर पसरायची, बघायची, मान हलवायची. चाचणीच्या आदल्या संध्याकाळीही तिने विचारलं, "शून्य लिहिलं तर किती मार्क जातील?" मृणाली म्हणाली, "मार्क राहू देत. कापडाकडे बघ." सनाने पाहिलं, पण मला तिथेच टाकून ती घरी गेली.

चाचणीच्या खोलीत मी नव्हतो. तिथे काय झालं ते सनाने त्या दुपारी आम्हाला सांगितलं. आम्हाला म्हणजे मृणालीला. पण मी टेबलावरच होतो.

खोलीत ती एकटीच होती आणि समोर मुख्याध्यापिका बसल्या होत्या. घातांकांचे प्रश्न तिने सोडवले. शेवटी एक राहिला, तोच. लिहिलेलं शून्य तिने दोनदा खोडलं. मग बाकाखाली ओढणीचं टोक धरलं आणि त्याच्या तीन घड्या घातल्या. आठ पदर. एक उलगडली, चार. दुसरी उलगडली, दोन. तेवढ्यात समोरून आवाज आला.

"ओढणीत काय आहे?"

"काही नाही, मॅडम."

"हात वर घे. दाखव मला."

सनाने हात वर घेतला. शेवटची घडी आपोआप सुटली आणि ओढणी बाकावर पसरली. चिठ्ठी नाही, काही नाही. मुख्याध्यापिकांनी ती उलटून पाहिली. "मग हे काय चाललं होतं?"

सना ओढणीकडे बघत होती. आठ, चार, दोन, आणि आता घडी नव्हती, पण ओढणी होती. "दोनचा शून्य घात, मॅडम," ती म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी ओढणी बाकावर ठेवली. "आणि तो किती येतो?"

"एक."

"मग लिही ना. मला काय दाखवतेस?"

हे सांगताना सना इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. चार दिवसांनी शाळेतून निरोप आला, नववीत बस. संध्याकाळी हबीबा दारात उभी राहिली. "आपा, आता बाहेरच्या बाजूला कोण बसणार?" ती म्हणाली. तिचा चेहरा खरंच उतरला होता. सनाने तिला आत ओढून घेतलं, माझं एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. "बस इथे. तुला पण आठवीत हेच आहे. मधोमध धर. अशी नाही, ती अब्बांची घडी. दोन्ही बरोबर, पण आत्ता ही घालू."

मित्रांनो, मी आता थकलो आहे. घड्यांच्या रेघांवर मी विरत चाललो आहे आणि तुटलेल्या धाग्याची ती पहिली रेघ तर बोटाने फाटेल अशी झाली आहे. मला जपून वापरा, धुवा, सावलीत वाळवा, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक मागणं आहे. कधी तुमच्या शेजारच्या बाकावरच्या कुणाचं उत्तर चुकलं, तर ते खोडण्याआधी त्याला एकदा म्हणा, "कसं केलंस ते दाखव." त्याच्या हातांकडे नीट बघा. कदाचित त्याची घडी वेगळी असेल, आणि कडा तुमच्यापेक्षा जास्त जुळलेल्या असतील.